फ्रिजवरचे गृहस्थ

माणसाने आपला रेझ्युमे स्वतःच लिहावा. अगदीच जमत नसेल तर शेजाऱ्याला विचारावं, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला विचारावं. पण बायकोच्या भावाकडून, आणि तोही फ्लॅटच्या जाहिराती लिहिणारा असेल तर, कदापि लिहून घेऊ नये. हे शहाणपण मला आज आहे. त्या रविवारी नव्हतं.

झालं असं, की आमच्या कंपनीने स्टोअर बंद करायचं ठरवलं. पंख्यांचे सुटे भाग ठेवायचं ते स्टोअर म्हणजे मी. (तसे आम्ही दोघे होतो, मी आणि एक मांजर, पण पगार मला एकट्यालाच होता.) यापुढे भाग थेट कारखान्यातून जाणार, मधे कुणी लागणार नाही, असं साहेबांनी मला बोलावून समजावून सांगितलं. त्यांनी ते इतकं छान समजावलं की मी मान डोलावत "अगदी बरोबर आहे साहेब" म्हणालो. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की मी स्वतःची नोकरी जाण्याला अनुमोदन देऊन आलोय. महिनाअखेरपर्यंत मुदत होती. पन्नाशी जवळ आलेली. या वयात माणूस नवा चष्मासुद्धा घाबरत घाबरत घेतो, नवी नोकरी कुठून घेणार?

घरी सांगितलं. आई म्हणाली, "त्यांचंच नुकसान."  बायकोने चहा टाकला आणि माझ्या कपात न मागता जास्त साखर घातली. तिने असं काही केलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

चार दिवसांनी, रविवारी, तिनेच पेपरातली जाहिरात दाखवली. एका मोठ्या हॉस्पिटलला स्टोअर सांभाळायला माणूस हवा होता. काम माझंच, फक्त पंख्यांच्या पात्यांऐवजी औषधं. खाली लिहिलं होतं, 'प्रभावी रेझ्युमेसह अर्ज करावा.' तो 'प्रभावी' शब्द मी चष्मा पुसून पुन्हा वाचला, तो तसाच होता. तरी मी बसलो आणि लिहिला. नाव, जन्मतारीख, शिक्षण आणि पुढे 'तेव्हापासून आजपर्यंत: स्टोअर.' छंद या शब्दापुढे बराच विचार करून एक रेघ मारली. खालचं अर्धं पान इतकं मोकळं राहिलं की त्यात आणखी एक उमेदवार आरामात मावला असता.

बायकोने वाचलं. "हे वाचून तुम्हाला मीसुद्धा घेणार नाही."

"अगं, पण तू घेतलंयस."

"तेव्हा लेखी काही मागितलं नव्हतं," ती म्हणाली, आणि तिने भावाला फोन लावला. मी "बरं, येऊ दे त्याला" म्हणालो. तेवढाच माझा निर्णय. पुढचं सगळं त्यातून झालं.

माझ्या मेव्हण्याबद्दल थोडं सांगायला हवं. खिडकीतून मान बाहेर काढली, डावीकडे वळवली आणि समोरच्यांनी वाळत घातलेली चादर वाऱ्याने बाजूला झाली, तर झाडाची एक फांदी दिसते, अशा घराला तो 'निसर्गाच्या कुशीत' म्हणतो. आणि तो खोटं कधीच लिहीत नाही. फांदी असते. "भावोजी, मी खोटं लिहीत नाही," तो आल्या आल्या म्हणाला, "कुठल्या खिडकीशी उभं राहायचं तेवढंच ठरवतो. सांगा, तिथे तुम्ही करता काय?"

"वस्तू आली की ठेवतो. कुणी मागितली की देतो."

तो टाइप करायला लागला. "पुरवठा साखळीचे संपूर्ण नियंत्रण. पुढे. कधी संकट वगैरे?"

"एकदा लिफ्टमधे अडकलो होतो. मोठे साहेब होते बरोबर. ते घाबरले. मी म्हटलं, खाली बसा. ते बसले."

"आणीबाणीच्या प्रसंगी वरिष्ठ व्यवस्थापनास मार्गदर्शन."

"अरे, मीही बसलोच होतो. माझे पाय लटपटत होते."

"पायांचं कुणी विचारलंय? पुढे."

मी आठवून आठवून सांगत गेलो. एकदा माझ्या हातून कॉम्प्युटरवर चहा सांडला, सगळ्या नोंदी गेल्या आणि मला त्या पुन्हा हाताने कराव्या लागल्या. त्याचं 'संपूर्ण माहितीव्यवस्थेची शून्यातून पुनर्उभारणी' झालं. दोन हमाल भांडत होते तेव्हा मी म्हणालो होतो की कँटीन बंद व्हायची वेळ झालीय. ते 'कामगार तंटे सामोपचाराने मिटवण्याचा अनुभव' झालं. मांजराचं 'सहकाऱ्यांशी सलोख्याचे संबंध' झालं. छत गळायला लागलं तेव्हा मी खाली बादली ठेवली होती. त्याने लिहिलं, 'समस्या वेळीच ओळखून तिचे समूळ निराकरण.'

"छत अजून गळतं रे," मी म्हणालो.

"खोक्यांवर गळतं?"

"नाही. बादलीत गळतं."

"मग समस्या कुठे राहिली?"

 दुसऱ्या दिवशी तो जाड, दुधी रंगाच्या कागदावर सगळ्या प्रती छापून घेऊन आला. वर माझा फोटो, आणि खाली ते सगळं. मी वाचायला बसलो आणि दुसऱ्या परिच्छेदाला आपोआप उठून उभा राहिलो. काय माणूस होता तो. साखळ्या नियंत्रित करत होता, तंटे मिटवत होता, शून्यातून उभारत होता, आणि हे सगळं करून सहकाऱ्यांशी सलोखाही राखत होता. मला वाटलं, अशा माणसाच्या हाताखाली काम करायला मिळालं तर आयुष्याचं सोनं होईल. फोटोकडे लक्ष गेलं तेव्हा जरा खट्टू झालो.

बायकोने पदराला हात पुसून तो कागद घेतला. तिने तो एकदा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा वाचला. तिच्या चेहऱ्यावर असा आदर मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"हे तुम्ही?"

"असं दिसतंय खरं."

"मला आधीपासून माहीत होतं," आई म्हणाली. "अगदी तान्हा होता तेव्हासुद्धा हा पाळण्यात पडल्या पडल्या सगळीकडे देखरेख ठेवायचा."

बायकोने एक प्रत फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावली. "तिथे कशाला?" मी विचारलं. "रोज डोळ्यासमोर असलेलं बरं," ती म्हणाली. कुणाच्या डोळ्यासमोर ते तिने सांगितलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक माणूस वाढला. माझी बायको माझ्याबद्दल बोलताना 'हे' म्हणते, जशा इतर बायका म्हणतात. आता 'हे' म्हणजे मी, आणि 'ते' म्हणजे फ्रिजवरचे गृहस्थ, अशी वाटणी झाली. बाथरूमचा दिवा गेला. "ते असते तर एव्हाना बदलून झाला असता." दूध आणायला जाऊन मी ब्रेड घेऊन आलो. तिने फ्रिजकडे बघून नुसता सुस्कारा टाकला. आणि मला राग यायचा का? अजिबात नाही. मला तिचं म्हणणं मनापासून पटायचं. फ्रिजसमोरून जाताना मी पोट आत घ्यायचो. आइस्क्रीम काढायचं झालं तर दार बाजूने उघडायचो, त्यांची नजर चुकवून. रेझ्युमे मला चार दिवसांत पाठ झाला होता. पुढे पुढे मी त्यांच्याकडे मान वर करून बघायचंच सोडलं.

आईने तर खालच्या मजल्यावर जाऊन सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. लगेच बिल्डिंगमधले दोन स्कूटरवाले पार्किंगचा तंटा सामोपचारासाठी घेऊन वर आले. मी दोघांना चहा पाजला. तंटा मिटला नाही, पण ते दोघे रोज संध्याकाळी चहाला यायला लागले.

असं चाललं असताना हॉस्पिटलचं बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत, रेझ्युमेची प्रत बरोबर आणायची. अर्ज पाठवलेल्या इतर तीन ठिकाणांहून उत्तरही आलं नव्हतं, आणि महिना संपत आला होता. म्हणजे जे काही होतं ते हेच. बायकोने माझा चांगला शर्ट इस्त्री करून स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पाठीवर टांगला. टेबलावर फाइल उघडून तिच्यात रेझ्युमेच्या सगळ्या प्रती नीट लावल्या. मी बघत बसलो होतो. सगळं शांत होतं, फक्त सिंकचा नळ गळत होता. तो कित्येक महिने गळत होता. मी त्याच्याखाली एक कप ठेवला होता.

"उद्या विचारतील," बायको म्हणाली, "समस्येचं समूळ निराकरण कसं करता म्हणून. काय सांगाल?" आणि तिने नळाकडे बघितलं.

"उद्या संध्याकाळी प्लंबरला बोलावू."

"हो. तुम्ही प्लंबरलाच बोलवा." एवढंच. पण तिची नजर नळावरून फ्रिजकडे गेली, आणि मला ऐकू आलं की ते असते तर.

मी उठलो. माळ्यावरच्या पेटीतून पाना काढला. पाना हातात घेतल्यावर माणसाला उगाचच आत्मविश्वास येतो. मी नळाला पाना लावला, दात-ओठ खाल्ले आणि समस्येच्या मुळाशी हात घातला. नळ माझ्या हातात आला. सगळा. मागून जे पाणी आलं ते पहिल्यांदा माझ्या तोंडावर आलं, मग छतावर गेलं, आणि तिथून खाली सगळ्यांना सारखं मिळालं.

मी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. "अगं, मेन कॉक बंद कर."

"कुठे आहे तो?"

"तुला माहीत नाही?"

"स्टोअर तुम्ही सांभाळता. कुठली वस्तू कुठे असते ते तुम्हाला माहीत पाहिजे."

"मला पंख्यांचं माहीत आहे."

तेवढ्यात माझ्या अंगठ्याच्या बाजूने एक धार सुटली ती थेट खुर्चीवरच्या शर्टावर. आई चष्मा लावून फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली होती. ती शांतपणे वाचायला लागली. "अरे, घाबरू नकोस. इथे लिहिलंय, 'दबावाखाली शांत राहून काम करतात.'"

"दबाव फार आहे, आई."

"बरं, थांब, पुढचं बघते."

आणि सांगायला लाज वाटते, पण मी खरोखरच आशेने विचारलं, "काय आहे पुढे?"

"पुढे तुझा फोन नंबर आहे."

मेन कॉक शेवटी बायकोलाच सापडला, बाथरूमच्या दारामागे. (तिथे मी कपडे टांगायचो. तो खुंटीसारखा दिसतो, त्यात माझी काय चूक?) पाणी थांबलं. टेबलावरच्या फाइलचं जे झालं होतं ते मी बघितलं आणि मटकन खुर्चीत बसलो. ओल्या शर्टावरच बसलो. दुधी कागदाचा लगदा झाला होता. एका तुकड्यावर 'शून्यातून' एवढंच वाचता येत होतं.

प्लंबर आला. त्याने नळ हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. "हे कुणी केलं?"

"माझ्या मुलानं," आई म्हणाली. "एकट्यानं."

प्लंबर माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, इतकी वर्षं काम करतोय, पण आटा असा तुटलेला मी कधी बघितला नव्हता." तो नळ त्याने मुलांना दाखवायला म्हणून मागून घेतला.

तो गेल्यावर बायकोने भावाला फोन लावला. मेव्हण्याचा फोन लागत नव्हता; कुठल्याशा डोंगरावर तो निसर्गाची कूस शोधत होता. त्याच्याशिवाय मूळ प्रत कुणाकडेच नव्हती. नोकरी गेलेलीच होती, आता नवी मिळायची शक्यताही मीच पान्याने पिळून काढली होती. मी मान खाली घालून फरशी पुसत होतो. मला खरोखर रडू येत होतं, पण इतक्या पाण्यात ते कुणाच्या लक्षात आलं नसतं.

"ते आहेत ना," बायको हळूच म्हणाली.

फ्रिजवरचा कागद कोरडा होता. धार तिथवर पोहोचलीच नव्हती. मला वाटलं, अशा माणसाच्या वाटेला पाणीसुद्धा जात नाही.

सकाळी ऑफिसचाच जुना शर्ट घालून मी तो कागद चुंबकाखालून काढला आणि न बघता फाइलमधे सरकवला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या हातात खोडरबर होतं, पण त्याचा अर्थ लागायला मला वेळ कुठे होता? "थांबा हो, त्यावर जरा पुसायचं राहिलंय."

"कोरडा आहे तो," मी म्हणालो आणि जिना उतरलोसुद्धा.

हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही सगळे उमेदवार ओळीने बसलो होतो. शेजारच्याचा रेझ्युमे मी तिरप्या नजरेने वाचला. त्यानेही साखळ्या नियंत्रित केल्या होत्या. त्याच्या पलीकडच्याने तर दोन वेळा शून्यातून उभारलं होतं. एका बाकावर इतकी मोठी माणसं दाटीवाटीने बसलेली बघून मी आणखी कडेला सरकलो.

आत स्टोअर्सच्या मुख्य मॅडम होत्या. टेबलावर रेझ्युमेंची चळत होती आणि चेहऱ्यावर ती वाचल्याचा थकवा. मी पुढे केलेला कागद त्यांनी घेतला, थोडा वाचला आणि थांबल्या. मग चष्मा लावून जवळ धरला.

"'पुरवठा साखळीचे संपूर्ण नियंत्रण.' बरं. आणि पुढे पेन्सिलीने लिहिलंय, 'दूध सांगितलं, ब्रेड आणला.'"

"मॅडम?"

त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत, प्रत्येक ओळीसमोर, माझ्या बायकोचं बारीक अक्षर होतं. मॅडम वाचत गेल्या. आणीबाणीच्या मार्गदर्शनापुढे, 'झुरळ निघालं तेव्हा स्टुलावर कोण चढलं होतं?' तंट्यांपुढे, 'चहा पावडर संपली.' संवादकौशल्यापुढे, 'फोनवर हं म्हणतात.' जमीन दुभंगून आपण आत जावं असं वाटतं म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. पण ती हॉस्पिटलची पक्की फरशी होती.

मॅडमचं वाचन मात्र संथ झालं होतं. "'सहकाऱ्यांशी सलोखा: खरं. मांजराला खायला घालायला सुट्टीच्या दिवशीसुद्धा जाऊन येतात. मला सांगतात फिरायला गेलो होतो.'" मग, "'मांडणीतील अचूकता: अगदी खरं. माझी सुई पडली तरी कुठे असेल ते बसल्या जागी सांगतात.'" मग त्यांनी आणखी एक ओळ मनातल्या मनात वाचली आणि वर बघितलं.

"कुणी लिहिलंय हे?"

माणसाची बुद्धी अशा वेळी फिरते. मी म्हणालो, "आमच्या आधीच्या साहेबांनी."

मॅडम माझ्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूकडे बघत राहिल्या, मग उजव्या. मग त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. "'सचोटी: खोटं बोलायला जातात, पण कान लाल होतात. लगेच कळतं.'"

"बायकोने लिहिलंय, मॅडम."

"आता कानांची लाली उतरली," त्या म्हणाल्या. त्यांनी कागद चळतीवर न ठेवता बाजूला ठेवला. "हे बघा, आमच्याकडे औषधं असतात. बाहेर बसलेत ते सगळे थोर आहेत, पण त्यांनी काही लपवलं तर मला कळणार कसं? तुमचं मला दारातून दिसेल." मग त्यांनी विचारलं, "मांजराचं काय करणार आता?"

"घरी आणावं म्हणतोय. बायकोला अजून विचारलेलं नाही."

"विचारा," त्या म्हणाल्या, "आणि एक तारखेला या."

घरी मी चालतच गेलो. मला नोकरीचा आनंद झाला होता, पण त्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं. इतके दिवस मी त्या दुधी कागदावरच्या माणसापुढे मान लववत होतो, आणि त्याच कागदाच्या कडेला माझी बायको माझ्याकडे बघत होती. माझं खोटं फिरायला जाणं, माझे कान, सगळं. ते काय मोठे. मोठी ती होती. माझ्यासारख्या माणसाकडे कुणी इतकं लक्ष देऊन बघावं, याचं मला नवल वाटत होतं आणि थोडा धाकही.

ती दारातच उभी होती. "वाचलं त्यांनी?"

"मोठ्याने."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझ्यामुळे गेलं हो."

"मिळालं."

"मिळालं? कशामुळे?"

"कान," मी म्हणालो. ती मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मीही तिच्याशेजारी फरशीवर बसलो.

"मी म्हटलंच होतं," आई आतून म्हणाली. "कान त्याचे माझ्यावर गेलेत."

डोंगरावरून उतरल्यावर मेव्हण्याने सगळं श्रेय घेतलं. मांजर घरी आलं. फ्रिजवरचे गृहस्थ हॉस्पिटलच्या फाइलमधे कायमचे राहायला गेले, आणि बायको म्हणाली की बरं झालं, परक्या माणसासमोर घरात नीट वावरता येत नव्हतं. पण ती रिकाम्या दाराकडे बघत होती. मी मुद्दाम पोट आत घेतलं.

पुढच्या आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं. बायकोने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. पद, वेळ, सुट्ट्या, नियम. शेवटच्या नियमाशी ती अडखळली. कारण मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी, प्लंबरची वाट बघताना, त्या कागदाच्या तळाशी तिने पेन्सिल दाबून आणखी एक शेरा लिहिला होता, आणि मॅडमनी तो मला वाचून न दाखवता ठेवून घेतला होता. पत्रात तो टाइप होऊन आला होता: 'सदर कर्मचाऱ्याने रुग्णालयाच्या आवारातील कोणत्याही नळास हात लावू नये.'

बायकोने ते पत्र त्याच चुंबकाने फ्रिजवर लावलं. मग पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'घरीसुद्धा.'